वाट न पाहणारे प्रश्न

“यू कॅन स्टे, अरुणा. बट प्लीज, डोन्ट आन्सर फॉर हर,” ब्रेंडा म्हणाली, आणि मी मुकाट्याने मान हलवली. बोलली तशी गोडच. हे वाक्य मी चाळीस वर्षं कुणाच्या तरी तोंडून ऐकायला टपले होते. शरदचंद्रांना कुणी एकदाही म्हटलं नाही, की तुम्ही बसा हो, पण बायकोच्या वतीने उत्तर देऊ नका. इथे कॅनडात, मिसिसागातल्या प्रत्येक गणपतीला, प्रत्येक पॉटलकला, “अरुणाताई, तुम्हाला इथलं कसं वाटतं?” असं कुणी विचारलं रे विचारलं, की माझा नवरा हातातली प्लेट सावरत सांगायचा, “तिला काय, ती मजेत आहे.” मी मजेत असायचेही अधूनमधून, नाही असं नाही. पण ते माझ्या तोंडून कुणी ऐकलेलं नाही. आता शरदचंद्रांना जाऊन सहा वर्षं झाली. हॉस्पिटलच्या चौथ्या मजल्यावर, खाली पार्किंग लॉटमध्ये मार्चचा काळपट बर्फ, मांडीवर पर्स, आणि जन्मात पहिल्यांदा मला भर खोलीत बोलायचं होतं, तर नेमकी बोलायची बंदी.

पलंगावर हेल्गी होती. शहाऐंशी वर्षांची, उशांना टेकून ताठ बसलेली, पांढरे केस नर्सने कसेतरी चापटून बसवलेले. आम्ही दोघी एकाच काँडोत अकराव्या मजल्यावर राहतो, माझं दार आणि तिचं दार समोरासमोर. मूळची ती एस्टोनियाची. सहा वर्षांची असताना आईबरोबर होडीत बसून युद्धातून निसटली, स्वीडनमार्गे इथे आली, आणि सगळं आयुष्य इंग्रजीत काढलं. सात आठवड्यांपूर्वी स्ट्रोक आला आणि इंग्रजी धुऊन गेलं. एस्टोनियन उरलं, पण तेही मोडकं. वाक्याचं पहिलं टोक तोंडातून निघायचं आणि बाकीचं आतच राहायचं. उजवा हात थोडा लुळा, वॉकर घेऊन चालणं मात्र चांगलं. ब्रेंडा हॉस्पिटलची तपासनीस, तिचं काम एवढंच होतं, की हेल्गीने कुठे राहायचं हे हेल्गी स्वतः ठरवू शकते की नाही, ते बघायचं. ठरवू शकते, असं निघालं तर ती घरी येणार. नाही निघालं, तर व्हँकुव्हरचा भाचा सही करणार आणि तिला दोन तासांवरच्या एका केअर होममध्ये जी खाट रिकामी होती तिच्यावर नेऊन ठेवणार, आणि त्या वयात तिथून कुणी परत येत नाही. भाचा वाईट नव्हता. फोनवर मला म्हणाला होता, “आय जस्ट वॉन्ट हर सेफ.” सगळ्यांना ती सेफ हवी होती. तिला काय हवं होतं ते मला माहीत होतं, कारण सात आठवडे मी रोज जात होते आणि रोज ती डाव्या हाताने माझ्या पर्समधल्या तिच्या घराच्या किल्ल्या चाचपून बघत होती.

दुभाषा फोनवर होता, तार्मो नावाचा, आवाजावरून तरुण. फोन टेबलावर स्पीकरवर ठेवलेला आणि लाइन खरखरत होती. ब्रेंडाच्या फॉर्मवरचे प्रश्न हो-नाहीत उत्तर देण्यासारखे नव्हते. माणसाला विचार करता येतो का, हे बघायचं तर त्याला बोलतं करायला हवं, असं तिने मला आधी समजावलं होतं. तिने विचारलं, “केअर होममध्ये तुम्हाला कशी मदत होईल, असं वाटतं?” तार्मोने ते एस्टोनियनमध्ये सांगितलं. हेल्गी म्हणाली, “कुस.” तार्मो म्हणाला, “शी सेज, व्हेअर.” ब्रेंडाने त्या होमचा पत्ता सांगितला, नकाशासुद्धा दाखवला. हेल्गीने नकाशाकडे ढुंकून पाहिलं नाही. “बरं, घरीच राहिलात तर रोज मदतीला बाई येईल. त्याबद्दल तुमचं काय मत?” “कुइदास.” “शी सेज, हाऊ.” ब्रेंडाने बाई कशी येईल, किती वाजता येईल, आंघोळ कशी घालेल, ते सगळं हळू आणि मोठ्याने सांगितलं, बहिऱ्या माणसाला सांगतात तसं. “आणि एकट्या असताना पडलात, तर काय होईल?” “केस.” “शी सेज, हू.” ब्रेंडाने आधी फोनकडे पाहिलं, मग हेल्गीकडे. “देअर इज नो हू, हनी,” ती म्हणाली, आणि तिने लिहिलं. सव्वीस वर्षं हॉस्पिटलांचे कागद हाताळलेली बाई मी, मला उलटं अक्षर वाचता येतं. तिने लिहिलं होतं, पेशंटला प्रश्न समजत नाहीत.

समजत नाहीत! माझे कान तापले. चौदा वर्षं रोज दुपारी चार वाजता मी या बाईच्या स्वयंपाकघरात कॉफी प्यायले आहे. ती वेलची घातलेली पावाची वेणी भाजायची, आणि पहिल्यांदा तो वास कॉरिडॉरमध्ये आला तेव्हा मला वाटलं होतं की कुणातरी मराठी माणसाकडे पुरण शिजतंय. माझ्याशी ती इंग्रजीत बोलायची, पण फोनवर मैत्रिणींशी, ओव्हनशी, स्वतःच्या गुडघ्याशी एस्टोनियनमध्ये. भाषा मला आली नाही, पण ती कधी काय म्हणते ते कानाला कळायला लागलं. फोनवर मैत्रीण काहीतरी लांबलचक सुचवायची आणि हेल्गी म्हणायची, “कुस सा सेल्लेगा!” आणि हात झटकायची. मला अर्थ विचारावाच लागला नाही, कारण हे मी अमरावतीला लहानपणी रोज ऐकलेलं होतं. आईला विचारावं, जेवलीस का? “कुठलं!” पाहुणे गेले का? “कसले जातायत!” भाजी छान झाली गं. “काय छान!” येशील ना उद्या लग्नाला? “न येऊन कसं?” माझ्या आईने आयुष्यात सरळ हो किंवा नाही म्हटलेलं मला आठवत नाही, आणि तिचं म्हणणं कळलं नाही असं गल्लीतल्या कुत्र्यालासुद्धा कधी झालं नाही. आमच्या म्हणीदेखील प्रश्नच करतात, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हातच्या काकणाला आरसा कशाला, आणि त्याचं उत्तर आजवर कुणी दिलेलं नाही, कारण कुणी मागितलेलंच नाही. ग्वेल्फला माझी मुलगी अनुया आहे, ती यावर वैतागते. “आई, डू यू वॉन्ट राइस ऑर नॉट?” “का नको?” “इज दॅट अ यस? जस्ट आन्सर द क्वेश्चन!” मी उत्तर दिलेलं असतं. तिला ते उत्तर वाटत नाही, म्हणून ती वाढायची थांबते आणि मी भाताकडे बघत बसते.

तार्मोवर मात्र मला राग काढता येईना. तो त्याच्या नियमाने चालला होता आणि तो नियम माझ्या हाडात मुरलेला आहे. मी हॉस्पिटलांसाठी टायपिंग करायचे. डॉक्टर टेपवर बोलायचे आणि मी कानाला हेडफोन लावून, पायाखालच्या पेडलने टेप पुढेमागे करत ते कागदावर उतरवायचे. नियम एकच: ऐकलंत तेवढंच टाइप करा, पदरचं घालू नका. शंका आली तर जागा मोकळी सोडा आणि टेपचा आकडा लिहा. पहिल्या वर्षी मी शब्द ऐकायचे. मग हळूहळू कळलं की शब्द फसवे असतात, खरं काय ते शब्दाच्या पुढच्या शांततेत कळतं. एखादा सर्जन विचारायचा, “आता यात काय करणार?” आणि लगेच कॉफीचा घोट घेऊन पुढच्या पेशंटकडे वळायचा, तो प्रश्नच नव्हता, त्याने हात टेकले होते. तोच पाच मिनिटांनी म्हणायचा, “कुठला गुडघा?” आणि थांबायचा. टेप नुसती सळसळत राहायची, दोन सेकंद, तीन सेकंद, लांबून नर्सचा आवाज येईपर्यंत. विचारणारा माणूस थांबतो. सव्वीस वर्षांच्या नोकरीत मी शिकले ते एवढंच, आणि ते कुणाला सांगायची वेळ कधी आली नाही, कारण टायपिस्टला कोण विचारतो! घरी शरदचंद्र होते, ऑफिसात हेडफोन होता. दुसऱ्यांची लाखो वाक्यं माझ्या बोटांखालून गेली, त्यात माझं एक नव्हतं.

ब्रेंडाने पेनाचं टोपण लावलं. “आय थिंक वी हॅव इनफ,” ती म्हणाली. हेल्गीने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत गयावया नव्हती, असती तर सोपं झालं असतं. ती चिडली होती. इथे बसलीयेस कशाला, असं ते बघणं होतं. अगं, ती नाही म्हणतेय, हे चार शब्द मी बोलले असते, तर मी तेच केलं असतं जे करू नकोस असं मला बजावलं होतं. ब्रेंडाने मला बाहेर काढलं असतं आणि ते बरोबरच होतं. आणि खरं सांगायचं तर मला भीती ब्रेंडाची नव्हती. मला माझा आवाज आधीच ऐकू येत होता, “तिला ना, घरी यायचंय,” आणि तो हुबेहूब शरदचंद्रांसारखा होता. ती मजेत आहे. तिला चालतं. तिला काय विचारता? माणूस समोर जिवंत बसलेलं असताना त्याच्या तोंडचा घास काढून घ्यावा तसं त्याच्या तोंडचं उत्तर काढून घ्यायचं, आणि वर ते प्रेमाने केलं असं म्हणायचं. शरदचंद्रांनीही प्रेमानेच केलं. त्यात मी चाळीस वर्षांत इतकी गप्प झाले की ते गेल्यानंतर लोक भेटायला आले, अनुया सगळ्यांना सांगू लागली, “आई इज मूव्हिंग इन विथ अस,” तेव्हा मी शेजारी बसून मान डोलावत होते. तेराव्यानंतर दुपारी चारला मी सवयीने समोरच्या दाराशी गेले. हेल्गीने कॉफी ओतली, बसली आणि म्हणाली, “अँड यू? व्हॉट डू यू वॉन्ट?” मी म्हटलं, अनुया म्हणते की. ती काही बोलली नाही. मी म्हटलं, लोकांचंही बरोबर आहे, एकटीने. ती तरीही थांबली. कॉफीवर साय धरली. मला वाटतं पाच मिनिटं गेली असतील, मी रडले, नाक पुसलं, आणि ती नुसती थांबून होती, मदतीला एकसुद्धा शब्द पुढे न करता. मग माझ्या तोंडून निघालं, “आय वॉन्ट टू स्टे हिअर.” चौसष्टाव्या वर्षी. तेवढं थांबायला मला आयुष्यात दुसरं कुणी भेटलं नाही.

ब्रेंडा कागद फाइलमध्ये ठेवत होती. मी मांडीवरची पर्स बाजूला ठेवली, आतल्या किल्ल्या वाजल्या. मी म्हणाले, “ब्रेंडा, मला एक विचारायचं आहे. तिच्याबद्दल नाही. तुमच्याबद्दल.”

“सॉरी?” ब्रेंडा म्हणाली.

आणि तिथे देव माझ्या बाजूने उभा राहिला म्हणा. कारण ती सॉरी म्हणाली आणि थांबली. भुवया वर, मान पुढे, पेन हवेत. मी मुद्दामच काही बोलले नाही. एक सेकंद, दोन, तीन. ती तशीच थांबलेली. “बघा,” मी म्हणाले, आणि मला माझं इंग्रजी इतकं स्वच्छ कधी ऐकू आलं नव्हतं. “तुम्ही आत्ता मला प्रश्न विचारलात. सॉरी म्हणालात आणि माझ्या उत्तराची वाट बघताय. मला एवढंच विचारायचंय, की हेल्गी व्हेअर म्हणाली तेव्हा तिने तुमची अशी वाट बघितली का? तुम्ही नकाशा काढलात तेव्हा ती कुठे बघत होती? मी तिच्या वतीने काही सांगत नाही. ती काय म्हणाली ते मला ठरवायचं नाही. तुम्हीच तिला परत विचारा, आणि ती बोलली की गप्प राहा. दहा सेकंद. आणि मग एकदा मुद्दाम पुटपुटून विचारा, तिला ऐकूच जाणार नाही असं. आणि दोन्ही वेळा ती नंतर काय करते ते बघा.”

ब्रेंडाचा चेहरा आधी लाल झाला. मला वाटलं, संपलं. पण ती बाई जातिवंत निघाली. तिने टोपण काढलं, फाइल उघडली आणि खुर्ची पलंगाजवळ ओढली. पहिल्यांदा ती कागदात तोंड घालून काहीतरी पुटपुटली आणि तार्मोलाही म्हणाली, अगदी हळू सांग. फोन नुसता खरखरला. हेल्गीची मान गर्रकन वळली, हनुवटी वर, डावा हात कानामागे. “मिस?” ती म्हणाली, म्हणजे काय, आणि फोनवर नजर रोखून बसली. तार्मोने मोठ्याने सांगितलं तेव्हाच तिचा हात खाली आला. “ओके,” ब्रेंडा म्हणाली, माझ्याकडे न बघता. “तार्मो, आता आधीचा प्रश्न. केअर होममध्ये कशी मदत होईल?” “कुस,” हेल्गी म्हणाली. आवाज खाली उतरला, हात झटकला, मान खिडकीकडे. ब्रेंडा गप्प. भिंतीवरचं घड्याळ सरकत होतं. पाच. सात. हेल्गीने पांघरुणावरचा धागा उचलला, नीट न्याहाळला, आणि खाली टाकला. दहा. तिने कुणाकडेही काही मागितलं नाही. तिचं बोलून झालेलं होतं.

“तार्मो,” ब्रेंडाने सावकाश विचारलं, “तुमच्या घरी कुणी असं नुसतं व्हेअर म्हणत असेल, तर त्याचा अर्थ काय होतो?”

फोनमध्ये तो चक्क हसला. “माझी आजी म्हणायची. नो वे. छे, कसलं काय! पुढचं वाक्य ती गिळून टाकायची. हाऊ म्हणजे हाऊ एल्स, म्हणजे ऑफ कोर्स. हू म्हणजे हू नोज. या बाईंच्या मनात तेच आहे, असं मी छातीठोक सांगू शकत नाही, ते त्यांनाच विचारा. पण मला पहिल्यापासून तसंच ऐकू येत होतं.”

“मग बोलला का नाहीस?”

“आय वॉज नॉट आस्क्ड. मला शब्द सांगायचा असतो, मॅम. माझं मत नाही.”

ब्रेंडाने डोळे मिटले आणि उघडले. मग तिने हेल्गीचा डावा हात हातात घेतला आणि थेट तिला विचारलं, फोनला नाही, “तुम्हाला म्हणायचंय की नाही, तिथे मदत होणार नाही?” तार्मोने सांगितलं. हेल्गीने ब्रेंडाकडे असं पाहिलं, की एवढा वेळ मी काय भजन म्हणत होते? “याऽऽ,” ती म्हणाली, म्हणजे हो, आणि इतक्या जोरात मान हलवली की चापटलेले केस सुटले. मदतीला बाई आली तर? “कुइदास!” म्हणजे येऊ दे की, न येऊन कसं! हे तार्मोने सांगायच्या आत ब्रेंडालाच कळलं आणि ती हसली. मग शेवटचा प्रश्न राहिला, आणि तोच खरा होता. पडलात तर? हेल्गीने घाई केली नाही. तिने स्वतःच्या कमरेवर थाप मारली, जमिनीकडे बोट केलं. मग गळ्याशी हात नेऊन नसलेलं बटण दाबून दाखवलं, ते मदत बोलवायचं बटण, जे आमच्या बिल्डिंगमधल्या निम्म्या म्हाताऱ्या गळ्यात घालतात आणि जे मुळीच घालणार नाही असं ती तीन वर्षं मला ठणकावत आली होती. घालीन म्हणतेय! मग माझ्याकडे बोट केलं, तिच्या दाराकडून माझ्या दाराकडे असं हवेत अंतर दाखवलं. आणि शेवटी बोट फिरवलं, स्वतःवर, माझ्यावर, ब्रेंडावर, आणि खांदे उडवले. “केस,” ती म्हणाली. कोण कधी पडेल, कुणाला ठाऊक! “फेब्रुवारीत मी माझ्याच ड्राइव्हवेवर आडवी झाले,” ब्रेंडा म्हणाली. “बर्फ उपसायचं शोव्हल हातात असताना.” आणि तार्मो ते भाषांतर करायला लागला तर हेल्गी खो खो हसली, तोंडाची एक बाजू हसत नव्हती तरी हसली, आणि माझ्याकडे विजयी मुद्रेने बघितलं.

मी रडत होते की हसत होते ते मला सांगता येणार नाही. सत्तर वर्षांची बाई मी, लग्न लागलं, मुलगी झाली, घर झालं, या देशाची शपथ घेतली, पण असा आनंद कुठल्याच दिवशी झाला नव्हता. मी बोलले होते आणि खोली बदलली होती. आणि बोलूनसुद्धा मी तिचा एक शब्द चोरला नव्हता. तिचं सगळं तिनेच जिंकलं होतं. शरदचंद्र असते तर कौतुकाने म्हणाले असते, आमची ही हुशारच आहे पहिल्यापासून. मी म्हटलं असतं, थांबा, मला सांगू द्या.

ब्रेंडाने आधीच्या पानावर आडवी रेघ मारली, सही केली, तारीख घातली आणि नवं पान घेतलं. बराच वेळ लिहीत होती. मी ते उलटं वाचायचा प्रयत्न केला नाही. लिहून झाल्यावर तिने कागद उचलला आणि हेल्गीकडे बघत, एकेक शब्द सुटा करत वाचलं, की हेल्गी स्वतः कुठे राहायचं हे ठरवायला पूर्णपणे सक्षम आहे, आणि ती घरी जाण्याचं ठरवते आहे. तार्मोने सांगितलं. त्याचाही आवाज जरा ओला झाल्यासारखा वाटला, किंवा लाइनच खराब असेल.

हेल्गी उशांवरून पाठ उचलून पुढे आली आणि ब्रेंडाच्या डोळ्यांत डोळे घालून म्हणाली, “मिल्लाल?”

हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. तिची भुवई वर चढलेली, हनुवटी पुढे, लुळा हातसुद्धा चादरीवर सरसावलेला, आणि ती थांबली होती. फोनवरून तार्मो म्हणाला, “शी सेज, व्हेन.” मी नकळत ब्रेंडाकडे वळले. कुणी काही समजावलं नाही, कुणी नकाशा काढला नाही. या प्रश्नाला उत्तर हवं होतं.

“थर्सडे,” ब्रेंडा म्हणाली.